परत आलेली गाडी

छोट्या मिस्त्रीच्या हातची गाडी परत येत नाही, असं मोठे मिस्त्री गेल्या थंडीपासून ज्याला त्याला सांगत आले होते. गिऱ्हाइकाला सांगत, शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगत, कोणी नुसता पत्ता विचारायला थांबला तर त्यालाही सांगत. छोटा मिस्त्री म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ऐन तिशीत गेला. माणूस गेलं की मागे राहिलेल्यांना धरून ठेवायला काहीतरी लागतं. कोणी फोटो धरतं, कोणी कपडे धरतं. मिस्त्रींनी हे वाक्य धरलं होतं.

आता खरं सांगायचं तर पोरगा चांगला कारागीर होता, पण देव नव्हता. जिवंत असताना याच बापाने त्याला भर गॅरेजात असा झापलेला आहे की रस्त्याने जाणारे थबकून बघत. मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी एक निर्दय म्हण आपल्यात आहे. ती इथे वापरायला जीभ धजत नाही. पण ऐकणाऱ्यांच्या मनात ती येत असणारच; मिस्त्रींच्या तोंडावर कोणी बोलत नसे इतकंच.

म्हणून नर्सबाईंची गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून पुढे झाले नाहीत. जुनी टर्बो डिझेल, रंग उडालेली, मागच्या सीटवर लसींचा डबा आणि औषधांची खोकी. बाई ती घेऊन डोंगरावरच्या वस्तीत जात. या गाडीला शेवटचा हात मुलाचा लागला होता. तो आजारी पडायच्या आधी त्याने केलेलं हे शेवटचं काम.

"मिस्त्री, हिच्यात दम राहिला नाही," बाई दार आपटत उतरल्या. "सपाटीला बरी चालते, चढ लागला की रडते. काल एक म्हातारी दोन पिशव्या घेऊन मला ओलांडून पुढे गेली. वर मागे वळून विचारते, ढकलू का म्हणून!"

एरवी मिस्त्री खो खो हसले असते. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

"हळूहळूच झालं. आधी वाटलं, मीच म्हातारी झाले. मग धूर दिसायला लागला. मागून काळाकुट्ट. वस्तीतली पोरं म्हणतात, बाईंची आगगाडी आली."

मिस्त्रींचा पुढचा प्रश्न वर्षानुवर्षांचा ठरलेला होता: शेवटचा हात कोणाचा लागला? त्यांचं म्हणणं असं की गाडी आपणहून क्वचित बिघडते. आधी कोणी काय उघडलं होतं ते विचारावं, निम्मं निदान तिथेच होतं. हे त्यांनीच मुलाला शिकवलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी तो प्रश्न गिळला. बाईंनीच आपणहून सांगितलं, "तुमच्या मुलाने ती जाड नळी बदलली ना, त्यानंतर बॉनेटला कोणी हात लावलेला नाही."

"त्याच्या हातची गाडी परत येत नाही," मिस्त्री म्हणाले.

शेवटच्या दिवसांत मुलाच्या उशाशी याच बाई बसलेल्या होत्या. त्यांनी किल्ली मिस्त्रींच्या हातात ठेवली आणि लसींचा डबा खांद्याला लावून चालू लागल्या.

टर्बो म्हणजे सोप्या शब्दांत सांगायचं तर पंखा. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्याच जोरावर तो फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती वाटेत एका जाळीतून थंड करून पुढे पाठवतात. त्या जाळीला इंटरकूलर म्हणतात. टर्बोपासून जाळीपर्यंत एक आणि जाळीपासून इंजिनापर्यंत एक, अशा मनगटाएवढ्या दोन रबरी नळ्या असतात. हवा पुरली की डिझेल नीट जळतं आणि गाडी चढ चढते. हवा कमी पडली की अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागून निघतं. दुखणं आधी हवेत शोधावं, हे या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात.

मिस्त्रींनी डिझेलपासून सुरुवात केली.

डिझेलचा फिल्टर बदलला. टाकीतली जाळी काढून धुतली. इंजेक्टर काढले, कापडात बांधले आणि तपासणीला पाठवले. ते परत आले तेव्हा तपासणाऱ्याने निरोप दिला होता की असे चांगले इंजेक्टर असतील तर यापुढे पाठवत जाऊ नका, उगाच जायचा यायचा ताप. मिस्त्रींनी ते पुन्हा बसवले आणि गाडी सुरू केली. काळा धूर निघाला.

पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने वर न बघताच विचारलं, "मिस्त्री, धूर काळा आणि तुम्ही डिझेलच्या मागे कशाला लागलाय?"

"तू तुझे बुडबुडे बघ."

"बघतोच आहे. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय, एवढं सांगतो."

ही म्हण मिस्त्रींना लागली, कारण ती खरी होती. मग ते हवेकडे वळले, पण तिकडेही कडेकडेनेच. हवेचा फिल्टर काढून झटकला. तो टर्बोच्या अलीकडे असतो, मुलाच्या कामाशी त्याचा संबंध नव्हता. सायलेन्सर सोडून पाहिला, कुठे कोंडला आहे का म्हणून. नव्हता. धुराचा काही भाग परत इंजिनात घेणारी एक झडप असते, ती काजळीने उघडी अडकली की हीच लक्षणं दिसतात. मिस्त्रींनी मोठ्या आशेने ती काढली, आणि ती इतकी छान उघडझाप करत होती की त्यांना तिचा राग आला. निर्दोष सुटे भाग पाहून दुःखी होणारा मेकॅनिक त्या गॅरेजात पहिल्यांदाच दिसत होता.

शेवटी त्यांनी टर्बोच्या तोंडापाशी असलेल्या बारीक नळीला दाबाचं मीटर जोडलं, नर्सबाईंना बोलावून घेतलं आणि गाडी चढावर काढली. बाई चालवत होत्या, मिस्त्री शेजारी मीटर मांडीवर घेऊन बसले होते. पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे, तिथून खरा चढ लागतो. बाईंनी पाय पूर्ण दाबला. मीटरचा काटा सुरेख वर गेला, जिथे जायला हवा तिथे जाऊन थांबला. आणि गाडी मात्र रखडत रखडत, मागे काळा ढग सोडत, पहिल्या गिअरवर चालली होती.

टर्बो हवा पुरवत होता. इंजिनाला ती मिळत नव्हती. मधे होत्या फक्त दोन नळ्या आणि एक जाळी. दूध गवळ्याकडून निघालं आणि घरी पोचलं नाही तर ते वाटेतच कुठेतरी राहिलं, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. मिस्त्रींनी मीटर उलटं करून मांडीवर ठेवलं.

"कळलं का काही?" बाईंनी विचारलं.

"बघतो उद्या."

त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितलं नाही. त्यानंतरच्या दिवशी दुसऱ्याच एका गाडीचे ब्रेक काढून बसले. नर्सबाईंची गाडी कोपऱ्यात उभी राहिली आणि मिस्त्री येता जाता तिला वळसा घालू लागले. बॉनेट उघडलं की पहिलीच नजर टर्बोपासून जाळीपर्यंतच्या नव्या नळीवर पडे. नळीच्या तोंडाशी आवळलेली क्लिप, क्लिपचा स्क्रू वरच्या बाजूला, आणि त्या स्क्रूवरून नळीवर ओढलेली पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ. ही मुलाची सवय. जे काही आवळलं त्यावर तो अशी रेघ ओढायचा, म्हणजे पुढे कधी स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. सुरुवातीला मिस्त्रींनी त्याला रंगारी म्हणून चिडवलं होतं. आता ती रेघ अखंड होती. मुलाने जसं आवळलं तसंच अजून होतं. या गाडीखेरीज अशी जागा कुठे राहिली नव्हती. बाकीच्या गाड्या येऊन, उघडून, दुसऱ्या हातांनी आवळून गेल्या होत्या.

बरं, आत काही नसलं तर रेघ फुकट तुटणार. आणि असलं तर? त्यापुढचा विचार मिस्त्री करत नव्हते. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच.

दुपारी जेवताना बायको म्हणाली, "बाई आज पण चालत वर गेल्या. तो डबा घेऊन."

मिस्त्री जेवत राहिले.

"अहो, ती नळी का उघडत नाही तुम्ही?"

"त्यात काही नाहीये."

"न उघडता कळलं?"

"तू गॅरेजात लक्ष घालू नकोस."

तिने भांडं खाली ठेवलं. आवाज चढवणारी बाई नव्हती ती. "नाही घालत. पण मग घरात तरी घालू द्या. घरात त्याचं नाव निघालं की तुम्ही तेवढं एकच वाक्य म्हणता. त्याच्या हातची गाडी परत येत नाही. त्याच्यापुढे मी काय बोलू? तो काय नुसत्या गाड्याच दुरुस्त करत होता का? मला त्याच्याबद्दल बोलायचं असतं हो, आणि तुम्ही असं दार लावून घेता."

मिस्त्रींनी हात धुतले आणि ते तसेच गॅरेजात गेले. पंक्चरवाला टायर उशाला घेऊन लवंडला होता. मिस्त्रींनी नर्सबाईंच्या गाडीचं बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि क्लिपवर टेकवला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग फिरवला. रंगाचा टवका उडाला आणि रेघ मधोमध तुटली.

नळी बाजूला केली. नळीत काही नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, पोराने आपली लाज राखली असं वाटलं, आणि त्याच भरात त्यांनी बॅटरीचा झोत जाळीच्या तोंडात टाकला. आत काहीतरी काळं होतं. लांब चोचीची पक्कड घालून ओढलं तर ते चिकटून बसलेलं. जोर लावला, तेव्हा ओला आवाज करत बाहेर आलं. तेलाने निथळणारा फडक्याचा बोळा.

कसं झालं ते मिस्त्रींना लगेच समजलं. नळी काढली की उघड्या तोंडात नट पडू नये, धूळ जाऊ नये म्हणून फडक्याचा बोळा कोंबतात. सगळेच कोंबतात. पण त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे नळी बसवताना ते डोळ्यांत भरतं. मुलाने टोक ठेवलं नव्हतं. बोळा सबंध आत गेला आणि त्याच्यावर नळी बसली. पहिले काही महिने तो तोंडापाशी एका अंगाला पडून राहिला असेल, गाडी बरी चालली. मग टर्बोतून हवेबरोबर येणारं तेल पिऊन जड झाला, सरकला आणि जाळीच्या भोकांवर पसरून बसला. अशी चूक मेकॅनिकच करू शकतो. गाडीतलं ज्याला काही कळत नाही त्याला बोळा कोंबायचंसुद्धा सुचणार नाही.

मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. पंक्चरवाला घोरत होता. त्यांनी बोळा पिळला, जुन्या कागदात गुंडाळला आणि पँटच्या खिशात घातला. मग जाळी धुतली, नळी बसवली, क्लिप आवळली. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला काय कळणार होतं?

उन्हं कलायच्या आत बाईंना घेऊन ते पुन्हा चढावर गेले. टाकीपाशी वळण आलं, बाईंनी पाय दाबला आणि गाडीने असा उठाव घेतला की बाईंचं डोकं सीटला टेकलं. तिसऱ्या गिअरवर, आरशात धुराचा मागमूस नाही. वर सपाट जागा आली तशी बाईंनी गाडी कडेला घेतली. त्यांचा चेहरा खुलला होता.

"मिस्त्री, काय होतं हो?"

"जाळी तुंबली होती."

"कशाने?"

"तेलाने. जुन्या गाड्यांत होतं तसं."

"हं." बाईंनी स्टिअरिंगवर थाप मारली. "म्हणजे छोट्या मिस्त्रीचा काही दोष नाही. मी उगाच बोलून गेले त्या दिवशी, ती नळी बदलल्याचं. मनाला लागलं असेल तुम्हाला. त्याच्या हातची गाडी परत येत नाही, हेच खरं."

बाई मनापासून बोलल्या होत्या. मिस्त्रींचं वाक्य दुसऱ्या कोणी त्यांना उलट ऐकवलं असं प्रथमच घडत होतं. आणि ते त्यांना ऐकवेना. खिशातल्या बोळ्याचं तेल कागदातून मांडीला लागत होतं. त्यांच्या गॅरेजात एक रीत होती, आणि ती मुलानेही कधी मोडली नव्हती: गाडीतून जे निघेल ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, मग ती तुटलेली स्प्रिंग असो की आपलीच चूक असो. बाप ती आज मोडत होता, आणि मोडत होता पोराच्या नावाने.

त्यांनी खिशात हात घातला, पुडी उलगडली आणि बोळा बाईंच्या हातावर ठेवला.

"हा निघाला. आत राहिला होता. माझ्या मुलाने कोंबला आणि काढायचा विसरला." त्यांनी तेलाचा हात पँटला पुसला. "चूक झाली त्याच्याकडून, बाई. तुम्ही इतके दिवस चालत वर गेलात."

बाईंनी तो काळा लगदा नीट पाहिला. हात मळल्याची तक्रार केली नाही.

"आमच्याकडे ऑपरेशनमध्ये पोट शिवायच्या आधी गॉजच्या घड्या मोजतात," त्या म्हणाल्या. "आत घातल्या किती, बाहेर आल्या किती. मोठे मोठे डॉक्टर उभे असतात आणि एक नर्स मोठ्याने मोजत असते. का मोजतात? राहतात म्हणून मोजतात, मिस्त्री. कोणाच्या तरी हातून, कधीतरी, राहिली म्हणून."

मिस्त्री काचेतून बाहेर बघत होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मुलगा गेला तेव्हा हे झालं नव्हतं. तेव्हा ते लोकांना पाणी देत फिरले होते.

बाईंनी बोळा परत पुडीत बांधला. "रीत म्हणून मला दिलात, मी घेतला. आता हा घरी न्या. त्याच्या आईला दाखवा."

"तिला कशाला? तिला काय वाटेल?"

"दाखवा तर."

घरी बायको मागच्या पडवीत कांदे निवडत बसली होती. मिस्त्री तिच्यासमोर पाटावर टेकले आणि पुडी मधे ठेवली. काय सांगायचं ते वाटेत ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

"त्याच्या हातची गाडी परत आली," ते म्हणाले. "हा आत राहिला होता."

तिने पुडी उघडली. बोळ्याची एक घडी बोटांनी सोडवली. काळ्या तेलाखाली चादरीची शिवलेली कड दिसली. जुन्या चादरी फाडून गॅरेजची फडकी तीच करून द्यायची. ती बराच वेळ त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मिस्त्रींना वाटलं, आता ही कोसळणार. आपण केलं ते चुकलं.

ती हसली. डोळे भरलेले, पण हसलीच.

"विसराळूच होता तो पहिल्यापासून," ती म्हणाली. "शाळेत एकदा दप्तरच न घेता गेला. मास्तरांनी परत पाठवला घरी. घरी आला, जेवला आणि झोपला. संध्याकाळी उठून मला विचारतो, आई, मी घरी कशाला आलो होतो?"

मिस्त्रींच्या नाकातून एक आवाज निघाला. हसू होतं की दुसरं काही, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मला नाही सांगितलंस कधी."

"तुम्ही ओरडला असतात त्याला."

"ओरडायचो मी फार." ते थांबले. "फारच ओरडायचो गं."

"ओरडायचात. आणि तुम्ही आंघोळीला गेलात की तो इथे उभा राहून तुमची नक्कल करायचा."

"माझी?"

"रोज! हसून हसून माझ्या पोटात दुखायचं."

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं एका घरात, एका गॅरेजात काढली, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोरगा आपल्याला भितो असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"कशी करायचा?" त्यांनी विचारलं.

ती उठली. मांडीवरची कांद्याची सालं खाली सांडली. तिने पोट पुढे काढलं, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताने नसलेला चष्मा कपाळावर सरकवला आणि नाकातून फुसकन हवा सोडली. मग बारीक डोळे करून, मुलाच्या आवाजात, म्हणजे मुलगा बापाचा जो आवाज काढायचा त्या आवाजात ती गरजली, "आधी कान, मग हात! हात काय, माकडालाही असतात!"

मिस्त्री हे रोज म्हणत. शब्द न् शब्द त्यांचा होता. पण मधेच त्या 'माकडालाही'वर जो हेल गेला, तो त्यांचा नव्हता. तो मुलाचा होता. थंडीपासून तो त्यांच्या कानावर पडला नव्हता.

ती पदराने तोंड पुसत खाली बसायला लागली. मिस्त्रींनी तिचा हात धरून तिला उभंच ठेवलं.

"परत कर," ते म्हणाले. "परत एकदा कर."